लाल मारुती ८००: उरलेला रंग वाचवतानाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार. कळवा

मामाची गाडी आज उजेडात नीट पाहिली. मारुती ८००, २००० सालची, एमएच-०४ पासिंग, रंग लाल. टप आणि बॉनेट पांढरट गुलाबी झालेत. डिकीचं झाकण अर्धवट फिकं, दरवाजे त्यामानाने बरे. बॉनेटवर बोट फिरवलं की बोटाला गुलाबी भुकटी लागते. डावं पुढचं मडगार्ड तेवढं चकचकीत आहे, पण उन्हात त्यावर बारीक चऱ्यांची गोल गोल जाळी दिसते. काही वर्षांपूर्वी रिक्षा घासून गेली तेव्हा ते रंगवून घेतलं होतं, असं मामा म्हणाला.

पासिंग पुन्हा करायचं वर्ष जवळ आलंय. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की पुढे दर ५ वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. २०१५ला झाली, २०२०ला झाली, आता २०२५. इंजिन ठणठणीत, चाकांच्या कमानींपाशीही पत्रा सडलेला नाही. मामाचं म्हणणं, ‘‘अगं, एकदा आख्खी रंगवूनच टाकू. पांढरी करू, ऊन तरी कमी लागेल.’’

मी नको म्हटलं. रंग बदलला तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, हे किरकोळ कारण. मोठं कारण असं की कारखान्यात नुसता पत्रा असतो, म्हणून वरचा रंग १३०-१४० अंशांच्या भट्टीत भाजता येतो. तयार गाडीला काचा, रबर, वायरिंग, सीट असतात. तिला ६० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं, आणि बऱ्याच गॅरेजांत तेवढीही भट्टी नसते. जो रंग एवढी वर्षं उन्हापावसात पत्र्याला धरून राहिला, तो खरवडून त्याच्या जागी त्याहून कच्चा रंग बसवायचा हे मला पटत नाही. लाल अजून आहे. मेलेल्या थराखाली आहे.

मामा म्हणाला, ‘‘बघ मग. संक्रांतीपर्यंत गाडी तुझी.’’

८ डिसेंबर, रविवार. वागळे इस्टेट

मैत्रिणीच्या वडिलांच्या गाळ्यात मागची जागा मिळाली आहे. खाडीपूल ओलांडून गाडी सकाळीच आणली. आज पाणीसुद्धा लावायचं नव्हतं, फक्त पाहायचं होतं.

पहिली परीक्षा कापडाची. पांढऱ्या सुती कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन दरवाजाच्या खालच्या भागात हलकेच घासलं. कापड लाल. डिकीवर लाल, टपावर लाल. डाव्या मडगार्डावर कापड नुसतं मळलं, लाल झालं नाही. म्हणजे मूळ गाडीला क्लिअर कोट नाही, रंग आणि चमक एकाच थरात आहेत. मडगार्डावर मात्र रंगावर पारदर्शक थर मारलेला आहे. दोन्हींचं दुखणं वेगळं, औषध वेगळं.

क्लिअर कोट नसलेल्या रंगात रंगद्रव्याचे कण राळेत बांधलेले असतात. अतिनील किरण आणि हवा मिळून वरची राळ तोडतात, कण सुटे होतात, आणि तीच भुकटी बोटाला लागते. ती उजेड इकडेतिकडे फेकते म्हणून लाल गुलाबी दिसतो. हा थर काढला की खाली धड रंग लागतो, पण तो किती उरलाय हे आधी कळायला हवं. क्लिअर कोटवाल्या गाडीची चमक जाऊन पापुद्रे सुटायला लागले असते तर पॉलिशचा काही उपयोग नव्हता. तिथे रंगवणं हाच उपाय असतो.

मग गेज. हे पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं. त्यात प्रायमर किती आणि रंग किती हे सांगत नाही. एका ठिकाणी एक वाचन घेऊन काही कळत नाही, दोन-तीन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) इकडेतिकडे होतातच. म्हणून प्रत्येक पत्र्यावर बरीच वाचनं घेऊन सरासरी लिहिली:

डिकी ९४. दरवाजे ९० ते ९७. टप ८३. बॉनेट मध्ये ७६, पुढच्या कडेला ६१. उजवं मडगार्ड ८८. डावं मडगार्ड ३१० ते ३४०, आणि एका जागी ७००च्या वर, तिथे पुट्टी आहे.

खालचे प्रायमरचे थर मिळून ४५-५० धरले तर बॉनेटच्या मध्यावर लाल रंग पंचवीसेक मायक्रॉन उरतो आणि पुढच्या कडेला जेमतेम डझनभर. हा अंदाजच आहे, पण वाईट बाजूने धरलेला अंदाज, आणि तोच धरून चालणार. बॉनेटच्या उजव्या उभ्या कडेवर नखाएवढ्या लांबीची राखाडी रेघ आहे. तो प्रायमर. आधी कधीतरी ‘रबिंग-पॉलिश’ करताना कडेवरचा रंग पार गेलाय. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि पॉलिशचं मशीन सगळ्यात जास्त तिथेच कापतं.

बॉनेटवर कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, लावायचं नाही, हे आजच ठरवून टाकलं.

१५ डिसेंबर, रविवार

धुणं. हा दिवस दिसायला सामान्य, पण अर्धं काम इथेच होतं.

आधी फोम मारून तो खाली ओघळू दिला, मग पाण्याने झोडपलं, मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि हातमोजा प्रत्येक फेरीला साध्या पाण्यात झटकून मगच शाम्पूत. पाणी लगेच गुलाबी झालं.

मामाच्या इमारतीचं पार्किंग रुळांच्या कडेला आहे. कळव्याला लोकलची वर्दळ आणि जवळच कारशेड. ब्रेक आणि चाकं झिजतात तेव्हा लोखंडाचे गरम कण उडतात, रंगात रुततात आणि तिथेच गंजतात. लाल गाडीवर ते सहज दिसत नाहीत. हाताला कळतात. प्लॅस्टिकची पातळ पिशवी बोटांवर चढवून धुतलेल्या टपावरून हात फिरवला तर खरखर अशी की पॉलिश पेपरच. हे कण न काढता मशीन चालवलं तर ते पॅडखाली फिरून नवे चरे पाडतील.

लोह काढायचं द्रव फवारलं. त्यातलं थायोग्लायकोलेट लोहाशी जुळलं की जांभळं होतं. टपावरून जांभळे ओघळ काचेवर उतरले. वास सडक्या अंड्याचा असतो, म्हणून शटर पूर्ण वर, हातमोजे, मास्क. वाळू न देता धुवायचं, हे महत्त्वाचं. टपाला दुसऱ्यांदाही मारावं लागलं.

टपाच्या मागच्या बाजूला सिमेंटचे शिंतोडे होते, शेजारच्या बांधकामाचे. व्हिनेगर निम्मं पाणी घालून कापडाने त्यावर ठेवलं, मऊ पडल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने निघाले. बोअरच्या पाण्याचे गोल डाग काचेवरून तसेच गेले, बॉनेटवरचे काही रंगात उतरलेत.

शेवटी क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी खास माती. कणकेसारखी मऊ करून, भरपूर शाम्पूपाणी घालून, अजिबात न दाबता. वाळलेल्या रंगावर क्ले चिकटते, त्यामुळे बॉनेटवर अगदी थोडी फिरवली. पिशवी चढवून पुन्हा हात फिरवला. गुळगुळीत.

२१ डिसेंबर, शनिवार

रात्री फक्त एक काम केलं. बॉनेटवर आणि टपावर तेलकट ग्लेझ जाडसर लावली, जुन्या टर्किश टॉवेलच्या तुकड्याने हाताने चोळून चोळून जिरवली, आणि रात्रभर तशीच ठेवली. ग्लेझमध्ये कापणारे कण नसतात. कोरड्या पडलेल्या रंगात तेल मुरलं की रंग खोल दिसतो आणि मशीनखाली कमी झडतो. क्लिअर कोटवर याचा काही फायदा नाही, जुन्या एकथरी रंगावर आहे. टॉवेलने चोळतानाच बरीच भुकटी निघाली, म्हणजे मेलेला थर मशीन लावायच्या आधीच काही प्रमाणात गेला. बॉनेटसाठी एवढंच हवं होतं.

२२ डिसेंबर, रविवार

चाचणी. डिकीचं झाकण, कारण तिथे जाडी पुरेशी आहे आणि पृष्ठभाग सपाट. मास्किंग टेपने तीन चौकोन केले.

मशीन ड्युअल अॅक्शन, १५ मिमी फेकीचं (फेक म्हणजे पॅड डगमगतं त्या वर्तुळाचा व्यास), पॅड लावायची प्लेट ५ इंची. पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी डगमगतही राहतं, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. गॅरेजांत चालतं ते रोटरी वेगाने कापतं, पण कडेवर क्षणभर रेंगाळलं तर रंग जळतो. ते चालवणारे कसबी हात मी पाहिले आहेत. पण इतक्या पातळ रंगावर मला ती घाई नको. प्लेटच्या कडेवर मार्करने रेघ ओढली आहे. रेघ फिरताना दिसते तोवर पॅड काम करतंय, रेघ थांबली की दाब जास्त झाला किंवा पॅड तिरकं झालं.

पहिला चौकोन: मेग्वायर्स २०५ पॉलिश आणि मऊ काळं पॅड. गुलाबी गेलं, चमक आली, जाळी तशीच.

दुसरा: तेच पॉलिश, मध्यम फोम पॅड. गुलाबी गेलं, जाळी जवळपास गेली, खोल चरे राहिले.

तिसरा: १०५ कंपाउंड, मायक्रोफायबरचं कापणारं पॅड. जाळी गेली, चरेही बरेच पुसट झाले. पण पॅड दुसऱ्याच फेरीत लालभडक, पृष्ठभागावर धुकं, म्हणजे त्यावर पुन्हा २०५ फिरवणं आलंच. गेजची सरासरी इथे २-३ मायक्रॉनने उतरली. वाचनातल्या चुकीच्या हद्दीतला आकडा आहे, पण पॅडवर आलेला रंगही तेच सांगतो.

या दोन्ही पॉलिशमधले कण जुन्या रबिंग कंपाउंडसारखे घासताना फुटून बारीक होत नाहीत. शेवटपर्यंत कापत राहतात. म्हणून सगळं पॅड, दाब आणि वेळ यांवर ठरतं. तिन्ही चौकोन आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ पाण्याने हलके पुसले, तेलाने झाकलेले चरे उघडे पडावेत म्हणून. दुसरा चौकोन पुसल्यावरही तसाच राहिला.

मामेबहीण संध्याकाळी आली होती. तिला टॉर्च देऊन न सांगता विचारलं, कुठला चांगला? तिने तिसरा दाखवला. टॉर्च बंद करून ट्यूबच्या उजेडात चार पावलं मागून पाहायला सांगितलं, तेव्हा दुसरा आणि तिसरा तिला वेगळे ओळखता येईनात. ‘‘मग ताई, तो जास्तीचा रंग कशाला काढायचा?’’ मी हेच लिहिणार होते. गाडी मामा रस्त्यावर चालवणार आहे. टॉर्चखाली दिसणारा शेवटचा चरा घालवायला जो रंग जाईल, तो परत येत नाही.

दुसरा चौकोन पक्का.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. दरवाजे, उजवं मडगार्ड, डिकी, टप.

हात बसल्यावर लय आली. रबरी बीडिंग, हँडल, कडा टेपने झाकलेल्या. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, आधी मशीन बंद ठेवून ते पसरायचं, मग हळू वेगावर एक फेरी आणि मग वेग चारवर. हातभर लांबीरुंदीचा तुकडा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून, आडवं मग उभं. शेवटच्या फेरीला हाताचा भार काढून घ्यायचा, नुसतं मशीनचं वजन. घाईने हात फिरवला तर कण काम करायच्या आधीच पुढे निघून जातात.

एकथरी रंगावर पॅड फार लवकर भरतं. प्रत्येक तुकड्यानंतर ब्रशने झाडलं, काही तुकड्यांनंतर पॅडच बदललं. भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापवतं. मधूनमधून पत्र्याला हाताची मागची बाजू लावून पाहत होते. कोमट चालतो, चटका नको.

टपाचं रूप पालटलं. रेन ट्रीखाली उभी राहणारी गाडी, वर कावळ्यांची वस्ती. विष्ठेतलं यूरिक आम्ल आणि ऊन मिळून रंगात खळगे पडतात, तसे टपावर चार आहेत. कडा मवाळ झाल्या, तळ तसाच राहिला. त्यांच्यामागे लागले नाही. टपाची सरासरी आता ८१.

पिलरना, म्हणजे काचांमधल्या खांबांना, ३ इंची प्लेट लागली. त्यात वेळ गेला, लिहिण्यासारखं काही नाही.

२९ डिसेंबर, रविवार

बॉनेट.

काल रात्री ग्लेझ पुन्हा मुरवली होती. सकाळी पुसली तेव्हा टॉवेलवर गुलाबी जवळपास नव्हतं, गडद लाल होतं. म्हणजे मेलेला थर संपत आला. राखाडी रेघेवर आणि सगळ्या कडांवर टेप दुहेरी लावली. मऊ काळं पॅड, २०५, वेग तीन. मोजक्याच फेऱ्या, आणि प्रत्येक तुकड्यानंतर गेज. ७६ची ७५ झाली तेव्हा थांबले. आणखी एकदा फिरवलं असतं तर जाळी बरीच कमी झाली असती, हे दिसत होतं. मशीन खाली ठेवून बराच वेळ बॉनेटकडे पाहत उभी राहिले. रंग खोल लाल होता, जाळी होती, पाण्याच्या डागांचे तीन गोल होते.

पुढचा पट्टा, जिथे ६१ आहे, तो टेप काढून हातानेच केला, बोटांखाली मायक्रोफायबर घेऊन.

मामाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं: ‘‘शोरूममधून आणली तेव्हा अशीच होती.’’ तशी ती नाही, हे मला माहीत आहे. पण त्याला जो लाल आठवतो तो हाच, आणि तो रंगवून आणलेला नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

डावं मडगार्ड शेवटी ठेवलं होतं. जाडी भरपूर, वर क्लिअर कोट, म्हणून इथे १०५ आणि मायक्रोफायबर पॅड बिनधास्त चालवलं. गोल जाळी आणि रोटरीने ठेवलेले होलोग्राम, म्हणजे उन्हात हलणारे धूसर पट्टे, दोन्ही गेले. पॅड शेवटपर्यंत पांढरं. त्यावर २०५.

मग गाडी शटरबाहेर उन्हात काढली, आणि जे गाळ्यातल्या उजेडात जाणवत नव्हतं ते दिसलं. मडगार्ड वेगळ्या रंगाचं आहे. दरवाजाच्या शेजारी ते किंचित फिकं, नारिंगीकडे झुकलेलं. महिनाभरापूर्वी ते गाडीला मिळतं वाटत होतं. रंगवणाऱ्याने काम चोख केलं होतं. त्याने समोर दिसणाऱ्या, उन्हाने उडालेल्या लालाशी रंग जुळवला होता. आता बाकीची गाडी मूळ लालावर परत आली आणि मडगार्ड त्या फिक्या लालावरच राहिलं, कारण त्याचा रंग क्लिअर कोटखाली आहे आणि पॉलिशने तो बदलत नाही.

हे मशीनचं काम नाही. मामाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मला तर दिसतच नाही.’’ संध्याकाळी येऊन पाहिलं, तेव्हा दिसलं.

१२ जानेवारी, रविवार

संरक्षण. मामेबहिणीने सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर घट्ट बसणाऱ्या कडक पारदर्शक थराबद्दल, विचारलं. या गाडीला नको. कोटिंगला तेलाचा अंशही नसलेला पृष्ठभाग लागतो, आणि इथे मी मुद्दाम तेल मुरवलंय. ते ओढून काढलं तर रंग पुन्हा कोरडा. शिवाय पुढे कधी कोटिंग काढायची वेळ आली तर ते घासूनच काढावं लागेल, आणि बॉनेटवर घासायला काही शिल्लक नाही. म्हणून पॉलिमर सीलंटचे, म्हणजे मेणासारख्या संरक्षक लेपाचे, दोन हात, मध्ये रात्रभराचं अंतर. काल पहिला, आज दुसरा. हवा कोरडी आहे, नीट बसला. बॉनेट आणि टपावर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा, बाकी गाडीला सहा महिन्यांनी. पावसाळ्याआधी एकदा नक्की.

गाडीचं कव्हर मामाला वापरू नको म्हटलंय. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि घासतं, पावसात खाली ओल धरतं. रेन ट्रीखालची जागा मात्र बदलायला हवी. इमारतीत जिन्याकडची जागा मिळू शकते, मामा सेक्रेटरींशी बोलणार आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. कळवा

संक्रांत. कामावरून सुटल्यावर गाडी पोचवली. मामीने हातावर तिळगूळ ठेवला आणि आधी गाडीभोवती एक फेरी मारून आली.

इमारतीतल्या गाड्या धुणाऱ्या दादांशी बोलले. एका बादलीत आणि एका फडक्यात ते रोज सकाळी रांगेने सगळ्या गाड्या करतात. वेळ तेवढाच असतो, मिळतातही थोडे पैसे. जाळी त्या फडक्याने पडते. त्यांना दोन मायक्रोफायबर मोजे आणि शाम्पूची बाटली दिली, ती फक्त या गाडीसाठी. मामा त्यांना महिन्याला थोडे वाढवून देणार, बदल्यात रोज पुसायचं नाही, आठवड्यातून एकदा पाण्याने धुवायचं. त्यांनी बॉनेटला हात लावून पाहिला आणि विचारलं, धूळ बसली तर नुसती झटकू का? नको म्हटलं. धूळ राहू दे, रविवारी पाण्याने जाऊ दे. त्यांना ते लगेच पटलं.

१९ जानेवारी, रविवार. वागळे इस्टेट

मडगार्ड रंगवून घ्यायचं ठरलं. फक्त मडगार्ड. गाळ्यापासून जवळच एक पेंटर दादा आहेत, रंग स्वतः मिसळतात. गाडीचा कलर कोड दिला तर तो नव्या गाडीचा लाल येईल, आणि तोही जुळणार नाही. म्हणून पेट्रोलच्या झाकणाची पट्टी खोलून, बाकीच्या गाडीसारखीच पॉलिश करून त्यांना नमुना म्हणून दिली. ते म्हणाले, आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारतो, वाळू दे, मग उन्हात दोन्ही शेजारी धरून बघू. गाळ्याच्या ट्यूबखाली नाही, उन्हातच, हे त्यांनीच सांगितलं.

बॉनेटच्या उजव्या कडेवरच्या राखाडी रेघेला त्याच मिश्रणाचा टचअप ब्रशने द्यायचा, प्रायमर उघडा राहिला तर पावसाळ्यात ओल खाली जाईल. तुकडा शनिवारी तयार होईल. मडगार्ड झालं की मामा पासिंगची तारीख घेणार.